तिसऱ्या पिंपाची गळती

१

सिलेंडर पुन्हा रिकामा निघाला, तेव्हा नेहमीप्रमाणे आम्ही आधी एकमेकांवर घसरलो.

"नट तू आवळला होतास," मास्तर म्हणाले.

"आवळला मी. पण नंतर हात लावून 'झकास' कोण म्हणालं?"

"म्हणजे शेवटी चूक माझीच. साडू शोभतोस खरा."

मास्तर माझे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून दिवसभर "सावकाश, सावकाश" असं ओरडायचे. ताई म्हणायच्या, "घरात मी जरा भरभर बोलायला लागले तरी यांचा पाय आपोआप दाबला जातो." मी फुंकायची वाद्यं दुरुस्त करतो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन. एकाचा जन्म ब्रेक दाबण्यात चाललेला, दुसऱ्याचा भोकं बुजवण्यात.

रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या घराखालच्या खोलीत भेटायचो. खोली अर्धी जमिनीत. एकच खिडकी, तीही छताला लागून, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसायचे. तिथे आम्ही बियर करायचो. पहिली काही वर्षं बाटल्या धुण्यात गेली, मग कंटाळून स्टीलची तीन पिंपं आणली, गुडघ्याच्या वर येतील एवढी. फळ्या काढलेल्या एका जुन्या फ्रीजमध्ये ती शेजारी शेजारी उभी असत. बाहेर कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलेंडर, त्याला रेग्युलेटर, आणि तिथून तीन नळ्या तीन पिंपांना. गॅस बियरमध्ये मुरतो, त्याने फेस येतो, आणि त्याच दाबाने बियर ग्लासात उतरते. एवढंच शास्त्र. एक सिलेंडर महिनोन्महिने पुरायला हवा. आमचा पुढच्या रविवारपर्यंतही टिकेना.

"पितंय तरी कोण?" मास्तर म्हणाले.

मला तेव्हा हसू आलं होतं.

२

गळती शोधणं हे माझ्या पोटापाण्याचं काम. क्लॅरिनेटच्या भोकावरची एखादी गादी केसभर जरी वर राहिली, तरी मला फुंकल्या फुंकल्या कळतं. त्यामुळे हे काम मी मनावर घेतलं.

आधी साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने एकेका जोडाला फासलं. जिथून गॅस सुटतो तिथे बुडबुडे येतात, लहान मुलालाही कळेल. बुडबुडे आले नाहीत. सिलेंडरची मान टबातल्या पाण्यात बुडवून पाहिली. पाणी शांत. नळ्यांच्या क्लिपा बदलल्या, वॉशर बदलले, झाकणांखालच्या रबरी कड्या बदलून त्यांना ग्रीस लावलं. मग सिलेंडर बंद केला आणि रेग्युलेटरचा काटा बघत बसलो. काटा हळूहळू खाली आला. साप तर होता, पण आम्ही भुईच थोपटत होतो.

शेवटी एकेक पिंप सोडवून पाहिलं. पहिलं काढलं, काटा उतरतच राहिला. ते लावून दुसरं काढलं, तरी तेच. तिसरं काढल्याबरोबर काटा खिळल्यासारखा उभा राहिला.

तिसऱ्या पिंपात बियर नव्हती. धुऊन, कोरडं करून, पुढच्या खेपेसाठी नुसता गॅस भरून ठेवलं होतं. ते पुन्हा जोडलं आणि त्याच्या गॅसच्या तोंडाभोवती मी भरपूर फेस लावला. गुडघ्यांवर बसून नाक अगदी जवळ नेऊन बघू लागलो.

फेसाला मध्यभागी खळी पडली. खळी खोल होत गेली आणि सगळा फेस हळूच आत गेला. मी पुन्हा लावला, तो पुन्हा आत गेला.

"सापडली ना?" मास्तर मागून म्हणाले.

"सापडली. पण ही आत ओढतेय."

"मग?"

"आत दाब असेल तर भोक बाहेर फुंकतं, मास्तर. आत ओढत नाही."

"म्हणजे ही उलटी गळती झाली."

"तसं काही नसतं."

"नसतं तर नसतं," ते म्हणाले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले. "पण आहे ना समोर."

३

सिलेंडर बंद करून मी तिसऱ्या पिंपाची नळी रेग्युलेटरकडून सोडवली. दुसरं टोक पिंपालाच होतं. एवढ्या वेळात आतला दाब उतरलेला, त्यामुळे फुस्ससुद्धा झालं नाही. नळी मास्तरांच्या हातात देऊन मी पाठीमागच्या डब्यात जाड वॉशर शोधू लागलो.

"तू दिवसभर लोकांच्या बाज्यांत फुंकतोस ना," मास्तर म्हणाले. "आज आपणही बघू. धरतंय का हवा."

मला त्यांच्या फुंकण्याचा आवाज आला. मास्तरांची छाती दांडगी, आवाज भरदार. पण तो श्वास संपेचना. मी डब्यात बोटं घालून तसाच थांबलो. कुठलाही वादक एका दमात किती फुंकतो, याचा मला चांगला अंदाज आहे. हा त्याच्या पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि मी वळून पाहिलं.

फुंकणाऱ्याचे गाल फुगतात. मास्तरांचे गाल आत गेले होते, दात नसलेल्या म्हाताऱ्याचे जातात तसे. डोळे माझ्यावर होते. एका हाताने ते नळी उपटायला बघत होते आणि नळी ओठांना धरून होती.

मी नळीला हिसका दिला. बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला. मास्तर जमिनीवर बसले आणि बराच वेळ नुसते आ करून राहिले. मग छातीत हवा शिरली.

"ओढून घेतलं रे," ते म्हणाले. "सगळं. तळाचंसुद्धा."

"आत पोकळी झाली असेल," मी म्हणालो. "फ्रीजच्या गारव्याने गॅस आकसतो." हे मी बोललो तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. आकसून आकसून किती आकसणार?

मास्तरांनी ओठ चोळले. ओठांभोवती नळीच्या तोंडाएवढी लाल कडी उमटली होती. "तुझ्या ताईला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि हसले. "म्हणेल, या वयात चुंबाचुंबी."

४

जाड वॉशर घालून सगळं पुन्हा जोडलं, गॅस सोडला, सिलेंडर बंद केला. काटा उभा राहिला. चहा पिऊन आलो, तरी तिथेच होता. गळती थांबली होती. मास्तरांनी पहिल्या पिंपातून दोन ग्लास भरले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि विजयाची बातमी द्यायला जिना चढून वर गेले.

मी मागे थांबून हत्यारं गोळा करत होतो. फ्रीजचं दार लावताना सहज लक्ष गेलं. तिसऱ्या पिंपाच्या तोंडावर थोडा फेस राहिला होता. त्यात एक मोठा बुडबुडा होता. तो फुगला, लहान झाला, पुन्हा फुगला. फुटत मात्र नव्हता.

फ्रीजची मोटर चालू होती. तिच्या थरथरीने असं होऊ शकतं. मी तिचा प्लग काढला. मोटर घरघरत बंद झाली आणि खोलीत इतकी शांतता झाली की मला वरचं बोलणं ऐकू येऊ लागलं. बुडबुडा आपल्या चालीने फुगत होता, बसत होता.

वर मास्तर कसलातरी किस्सा सांगत होते. शेवटाला आले, आणि त्यांचं ते गडगडाटी हसू छतातून खाली आलं. बुडबुडा थरथर थरथर करू लागला. हसू थांबलं, तोही थांबला. मग मास्तरांना ठसका लागला. दोनदा खोकले. बुडबुडा दोनदा उडाला.

वरच्या लाकडी फरशीचा हादरा खाली येतो, मी स्वतःला समजावलं. फरशी, मग भिंत, मग फ्रीज. सरळ आहे. तरीही मी फडकं घेऊन फेस पुसून टाकला, आणि फ्रीजचं दार लावून जरा घाईनेच वर गेलो.

५

मास्तरांना दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. "सावकाश" हा शब्दही त्यांना दोन तुकड्यांत म्हणावा लागे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं, नळकांड्यात फुंकायला लावलं. छाती स्वच्छ होती. वजन उतरवा, म्हणाले.

मी खोलीच्या हवेवर संशय घेतला. हा गॅस जड असतो, तळाशी साचतो, माणसाला गुंगवतो. मी जमिनीवर मेणबत्ती लावून पाहिली. ज्योत सरळ, पिवळी, ठणठणीत जळत राहिली. खिडकी आम्ही तरीही कायमची उघडी ठेवली.

एका दुपारी मी फ्रीजपुढे बसलो असताना मास्तर मागे येऊन उभे राहिले. मी पुन्हा फेस लावला होता. काय दिसतंय ते मला कोणाला सांगायचं नव्हतं, पण लपवायला वेळ मिळाला नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि फेसाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

त्यांनी श्वास धरला. फेस थांबला.

त्यांनी सोडला. फेस फुगला.

"जीव भांड्यात पडला म्हणतात," मास्तर म्हणाले, "तो असा होय."

मी हसलो नाही. तेही नाही.

"उघडून टाकू," मी म्हणालो. "झाकणावरच्या झडपेची कडी ओढली की सगळं बाहेर."

"ओढ."

मी कडीला बोट घातलं आणि जराशी उचलली. फस्स झालं, आणि मास्तरांची बोटं माझ्या मनगटात रुतली. त्यांचे ओठ जांभळे पडले होते. मी कडी सोडली. रंग परत यायला बराच वेळ गेला.

"नको," ते म्हणाले. "ते बाहेर जातं. माझ्यात येत नाही."

"डॉक्टरांना सांगू या."

"काय सांगू? माझा श्वास बियरच्या पिंपात राहिलाय? मला वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील आणि तुला सोबतीला."

निघताना मी रेग्युलेटर पाहिला. सिलेंडर बंदच होता. आत नवीन गॅस जायला वाट नव्हती. काटा मात्र मागच्या रविवारपेक्षा वर होता. मास्तरांनीही तो पाहिला. इकडे उतरत होतं, ते तिकडे चढत होतं.

त्यानंतर मी दर रविवारी सगळ्यात आधी तो काटा बघायचो. तो एकदाही खाली आला नाही. मास्तर वाळत गेले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की गाडीत इंजिन बंद केल्याशिवाय शिकणाऱ्यांना तो ऐकू येत नसे. काम सोडा म्हणून ताईंनी कितीदा विनवलं. ते म्हणायचे, "बसूनच तर असतो."

ते गाडीतच गेले. शिकायला एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी नंतर ताईंना सांगितलं, गाडी मधेच हळू झाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. आपलंच काही चुकलं असं त्यांना वाटलं. हात स्टिअरिंगवर ठेवून त्या मास्तरांच्या रागावण्याची वाट बघत राहिल्या. मास्तरांचा पाय ब्रेकवर होता, पूर्ण दाबलेला.

६

सगळे विधी आटोपल्यावर मी खालची खोली आवरायला गेलो. ताईंनीच सांगितलं होतं, "भावोजी, ते सगळं काढून न्या. मला बघवत नाही." दिवसाची वेळ होती, खिडकीतून उजेड येत होता, रस्त्यावरून बूट चालले होते. मी बाकीच्या दोन पिंपांतली बियर मोरीत ओतली. तिसऱ्याला हात लावायच्या आधी मी त्याच्या तोंडावर साबणाचं पाणी लावलं. का लावलं? खात्री करायला. मालक गेला की हेही थांबलेलं असणार, इतकंच मला बघायचं होतं.

फेस फुगला. बसला. फुगला.

मी तिथेच बसून राहिलो. पाठीमागे जिन्यावर ताई उभ्या होत्या.

"काय चालू आहे ते?" त्यांनी विचारलं.

"फ्रीज," मी म्हणालो.

फ्रीजचा प्लग माझ्या हातात होता.

ताई जवळ आल्या. त्या पडदे शिवायच्या, त्यांची बोटं कायम सुयांनी टोचलेली. ती बोटं त्यांनी पिंपाच्या पोटावर ठेवली, मग कान ठेवला. मी त्यांना उठवणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून हात पुढे झाला नाही.

"हे असेच झोपायचे," ताई म्हणाल्या. "लांब घ्यायचे, मग मधे थांबायचे, मग दोन छोटे. मी रात्र रात्र मोजायचे, थांबले की घाबरून हलवायचे." त्यांनी पिंप अलगद हलवलं. आत काहीतरी अडखळलं आणि पुन्हा चालीला लागलं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"त्या गॅसमध्ये माणूस श्वास घेऊ शकतो?"

माझ्याकडे खरं उत्तर होतं, आणि ते मी दिलं नाही. पण माझ्या गप्प बसण्यातून ते त्यांना मिळालं.

७

ताई खालीच राहायला लागल्या. शिवणयंत्र खाली आणलं. माझी बायको रोज तिथे येऊन बहिणीला जेवायला हाका मारून दमली. शेवटी ताट जिन्यावर ठेवू लागली. तिला आम्ही काही सांगितलं नाही. ती मला म्हणायची, "दुःखाने माणसाचं असं होतं. तू तिला नादी लावू नकोस." ती माझ्यावर चिडलेली असे, आणि मला त्यात आधार वाटे. घरात निदान एका माणसाला हे साधं दुःख वाटत होतं.

मी रोज दुकान बंद केलं की तिकडे जायचो. ताई पिंपाला कान लावून बसलेल्या असत. यंत्रावरचा पडदा तिथेच, तेवढाच शिवलेला.

एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "भावोजी, तुमचा कान तयार आहे. ऐका."

मी गुडघे टेकले. स्टील थंड होतं. आधी मला मास्तर ऐकू आले. लांब श्वास, थांबा, दोन छोटे. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. अजून.

मी डोळे मिटले. सनईचा सूर आणि त्यामागचा धरलेला सूर वेगळे करून ऐकावेत तसं ऐकू लागलो. आणि मग मास्तर थांबत, त्या रिकाम्या जागेत मला ते ऐकू आलं. दुसरं. ते हळू होतं, खोल होतं, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. मास्तर बाहेर सोडत तेव्हा ते आत घेत होतं.

मी कान काढला.

"आत एकटे नाहीत ते," ताई म्हणाल्या.

मी कान चोळत राहिलो.

"रोज यांचे लहान होताहेत. ते दुसरं होत नाही." त्यांनी पदराने पिंपावरचा कानाचा ओला ठसा पुसला. "इथे ठेवून मी यांना काय देतेय? सांगा ना. काय देतेय?"

"उघडलं तर काय होईल ते मला माहीत नाही, ताई."

"नाही उघडलं तर काय होतंय ते मला माहीत आहे."

त्यांनी मला मागे सरायला सांगितलं. मी सरलो नाही, पण अडवलंही नाही. त्यांनी दोन्ही हातांनी झाकणावरची कडी धरली, कपाळ झाकणाला टेकवलं, काहीतरी पुटपुटल्या. ते त्या दोघांमधलं होतं, मी ऐकलं नाही. मग त्यांनी कडी ओढली.

आधी जोराने आलं. मग लांब, एकसारखं येत राहिलं. त्या वाऱ्यात साबणाचा, स्टीलचा, कशाचाच वास नव्हता. फक्त ते कोमट होतं. थंड पिंपातून आलेलं, आणि कोमट. ताईंच्या कपाळावरचे केस मागे उडत राहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्याला माणसाचा रंग आला. वारा बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि शेवटी संपला. काटा शून्यावर आला.

पिंपाच्या तोंडावर ताईंनी लावलेला साबणाचा फेस होता. तो निश्चल होता.

ताई रडल्या. पहिल्यांदाच. मोठ्याने, सुटल्यासारख्या. मीही भिंतीला टेकून बसलो. संपलं, मला वाटलं. वाईट संपलं, पण संपलं. मास्तर मोकळे झाले. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

ताईंनी एका हाताने डोळे पुसले आणि कडी सोडली. झडप खटकन बसली.

फेसाला मध्यभागी खळी पडली.

तो आत गेला, सावकाश, खोल, आणि तसाच सावकाश फुगून वर आला. थांबा नव्हता. दोन छोटे नव्हते. किंवा कोंडल्या जागेतून सुटलेल्या माणसाचा श्वासही असाच लांब होत असेल. मी ताईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या कानाचा भरवसा ठेवून. गेलं ते कोण आणि राहिलं ते कोण, हे मला सांगता येईना.

ताई पिंपावर वाकल्या.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "गेलात ना?"

फेस फुगत होता, तो अर्ध्यावर थांबला. दाराबाहेर आपलं नाव निघालं की आतला माणूस थांबतो तसा.

आम्हीही श्वास धरला. खोलीत कसलाच आवाज उरला नाही. शेवटी आधी आम्हालाच सोडावा लागला.